काकडीचं पाणी

श्रावणातल्या सकाळी परसातल्या मांडवाखाली वाकून शिरावं आणि मान वर करून उभं राहावं. रात्री पडून गेलेल्या पावसाचे थेंब पानांच्या कडांवर अजून रेंगाळत असतात, वेलीचे तणाव बांबूला घट्ट विळखा घालून बसलेले असतात, आणि पानांचा हिरवा रंग इतका दाट असतो की त्यातला दुसरा हिरवा ओळखायला नजर स्थिर करावी लागते. मग काल संध्याकाळी जिथे आपण नीट पाहिलं होतं, जिथे काही नव्हतं अशी आपली खात्री होती, नेमकी तिथेच एका पानाआडून वीतभर लांबीची काकडी लोंबताना दिसते. एक दिसली की दुसरी दिसते. दुसरीकडे हात जावा तर मनगटाला तिसरीचा गारवा लागतो.

हा गारवा लागण्याआधीची एक गोष्ट आपण अनेकदा पाहतच नाही. काकडीच्या वेलीवर दोन तऱ्हेची पिवळी फुलं येतात. नर फुलाच्या मागे नुसता बारीक देठ असतो. मादी फुलाच्या मागे मात्र, पाकळ्या उमलण्याच्या आधीपासूनच, बोटाच्या पेराएवढी, लव आणि बारीक काटे अंगावर घेतलेली एक संपूर्ण काकडी सजून बसलेली असते. मधमाशी येऊन गेली की ती वाढीला लागते, फूल तिच्या टोकाशी सुकून चिकटून राहतं, आणि आठदहा दिवसांत ती ताटात येण्याजोगी होते. कोवळी काकडी हातात घेऊन तिच्या टोकाकडे पाहिलं तर त्या सुकल्या फुलाचा तपकिरी ठसा अजून सापडतो. बाजारातल्या काकडीवर तो पुसून गेलेला असतो. परसातल्या काकडीवर तो असतो, आणि मला तो नेहमी नवजात बाळाच्या नाळेसारखा वाटत आला आहे.

पहिली काकडी देवापुढे जाते. पहिल्या आठवड्यात दोनतीन निघतात आणि त्यांचं घरभर कौतुक होतं. दुसऱ्या आठवड्यात रोज चारपाच. तिसऱ्या आठवड्यात पडवीतल्या टोपलीला तळ दिसेनासा होतो. शेजारी पाठवाव्यात तर त्यांच्याही मांडवावर तोच बहर, उलट त्यांच्याकडूनच आपल्याकडे चार येतात. शिवाय वेलीचा धर्मच असा की तोडाल तितकं ती देते. एखादं फळ वेलीवरच पिकून बी धरू लागलं की तिची शक्ती तिकडे वळते आणि नवी फुलं थंडावतात. म्हणून जी वेल दीर्घकाळ फळावी असं वाटतं तिच्यावरच्या काकड्या रोज उतरवाव्याच लागतात. म्हणजे भरपूर झालं म्हणून थांबण्याची सोय नाही. या थांबता न येणाऱ्या भरपूरपणातूनच आपल्या स्वयंपाकघरातलं काकडीचं सारं वैभव उभं राहिलं आहे, असं मी मानते. दुर्मीळ वस्तूचा एकच पदार्थ होतो आणि तो जपून होतो. रोज टोपलीभर येणाऱ्या वस्तूकडे मात्र घरातल्या बाईला रोज नव्या डोळ्यांनी पाहावं लागतं.

या भूमीत काकडीही जुनी आणि हे पाहणंही जुनं. वनस्पतिशास्त्रज्ञ काकडीचं मूळ भारतातच मानतात. हिमालयाच्या पायथ्याशी तिचं लहान, कडवट असं रानटी भावंड आजही उगवतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात जो मृत्युंजयाचा मंत्र आहे, त्यात मृत्यूच्या बंधनातून सुटण्याला उपमा दिली आहे ती पिकून देठापासून अलगद सुटणाऱ्या उर्वारुकाची, म्हणजे काकडीच्या कुळातल्या फळाची. ज्याने पिकलेलं तवसं वेलीवरून उतरवलं आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. कोवळी काकडी ओढली तर वेल हलते, देठाशी झटापट करावी लागते. पूर्ण पिकलेल्या तवशाला नुसता हाताचा आधार द्यावा, ते आपल्या तळव्यात येऊन बसतं. ज्या ऋषीने ही उपमा योजली त्याच्या कुटीमागे काकडीची वेल असणारच, असं मला फार वाटतं.

मी आत्ताच तवसं म्हटलं, आणि कोकणाबाहेरच्या वाचकासाठी त्या शब्दापाशी थांबायला हवं. काकडी ही कोवळी. तवसं म्हणजे तीच जातिवंत पावसाळी काकडी वेलीवर राहून हातभर झालेली, जाड सालीची, पिवळसर आणि पुढे तांबूस होत जाणारी, अंगावर बारीक भेगांची जाळी धरणारी. घाटावर आणि मराठवाड्यात वाळूक मिळतं. ते काकडीचं जवळचं नातलग असलं तरी कुळाने खरबुजाच्या घरचं. पुण्याच्या बाजूला पुणेरी खिरा, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली पांढरट हिमांगी, भरपूर पावसाच्या मुलखासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली शीतल. या सगळ्यांचं रूप वेगळं, पण एका बाबतीत या साऱ्या बहिणी सारख्याच. शंभर ग्रॅम काकडीत सुमारे पंचाण्णव ग्रॅम पाणी असतं.

काकडीचा प्रत्येक पदार्थ मला या एका आकड्यातून उलगडत जाताना दिसतो. काकडी म्हणजे सालीत बांधून ठेवलेलं पाणी. तिला चिरलं, मीठ लावलं, किसलं, शिजवलं, की ते पाणी मोकळं होतं. त्याचं काय करायचं, हा काकडीच्या स्वयंपाकातला एकमेव प्रश्न, आणि आपल्या घराघरांतल्या बायकांनी त्याची इतकी वेगवेगळी आणि इतकी रसिक उत्तरं दिली आहेत की ती एकेक करून चाखत बसावीत.

चाखण्याचा आरंभ देठापासून होतो. आमच्या आजोळी, संगमेश्वराकडे, विळीवर बसण्याआधी आजीचा पहिला प्रश्न असे, "देठ चाखलंस?" काकडीत कडूपणा असतो तो मुख्यतः देठाच्या बाजूला आणि सालीलगत. वेलीला पाण्याचा ताण पडला, ऊन तापलं, की तो वाढतो. कुकुरबिटॅसिन नावाचं द्रव्य त्याच्या मुळाशी असतं. आजीला ते नाव ठाऊक नव्हतं, पण पाऊस आठवडाभर दडी मारून बसला की त्या दिवसांतल्या काकड्या चाखल्याशिवाय ती किसणीला लावू देत नसे. देठाची बोटभर चकती कापायची, ती कापलेल्या तोंडावर गोलगोल घासायची, पांढरा फेस येतो तो पुसून टाकायचा आणि मग एक पातळ काप जिभेवर ठेवायचा. जिभेला जरासा कडवटपणा जाणवला तर देठाकडून आणखी दोन बोटं उतरवायची. विषासारखी कडू लागली तर ती काकडी सरळ टाकून द्यायची, कारण तशी काकडी पोटाला बाधते. एका कडू काकडीने अख्खं पातेलं बिघडतं. त्यामुळे एवढ्या भरपूर पिकात प्रत्येक काकडीची स्वतंत्र विचारपूस करण्याची ही रीत मला आजही आवडते. टोपलीत कितीही असोत, ताटात येताना ती एकेकटी येते.

आणि मग पहिला काप. त्या क्षणी दरवळणारा गंध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पावसाने भिजलेल्या गवताचा, विहिरीच्या काठाचा, काहीसा कलिंगडाचा. नवल असं की हा गंध अखंड काकडीत जवळजवळ नसतोच. अख्खी काकडी नाकाशी धरून पाहा, मातीचा आणि सालीचा वास येईल. सुरी आत गेली, पेशी फुटल्या, आतलं विकर आणि आतली स्निग्ध आम्लं हवेच्या साक्षीने एकमेकांना भेटली, की काही क्षणांत तो सुगंधी पदार्थ जन्माला येतो. म्हणजे काकडीचा वास हा चिरण्याच्या क्रियेचा वास आहे. म्हणूनच तासाभरापूर्वी चिरून ठेवलेली काकडी आणि आत्ता पानावर बसताना चिरलेली काकडी या दोन वेगळ्या वस्तू ठरतात. काकडी आयत्या वेळी चिरण्याचा आपल्या थोरल्या बायकांचा हट्ट निव्वळ शिस्तीचा नव्हता. त्यांचं नाक तो काळ मोजत होतं.

चिरण्याच्याही परी आहेत, आणि त्यांतली सर्वांत सुंदर परी म्हणजे चोचवणं. हा शब्द उच्चारून पाहा. पक्ष्याने चोचीने टिपल्यासारखा तो आहे. काही घरांत कोचवणं म्हणतात. सोललेली काकडी डाव्या तळव्यात उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीने तिच्या अंगावर उभे, जवळजवळ, टकटक टकटक असे घाव घालत जायचे, काकडी थोडी थोडी फिरवत राहायची, आणि चारी बाजूंनी ती चोचली गेली की वरचा थर सुरीने आडवा सोलून खाली पाडायचा. पुन्हा घाव, पुन्हा थर. परातीत पडतो तो बारीक तुकड्यांचा ढीग. एक तुकडा लांबट, एक तिरका, एक तांदळाच्या दाण्याएवढा, एक जाडसर. यंत्राला असे असमान तुकडे जमत नाहीत आणि किसणीला तर अजिबात नाहीत. किसणी काकडीला रगडते, पेशी चेंदते आणि पाहता पाहता सारं पाणी सोडायला लावते. सुरीचा घाव स्वच्छ असतो. तो जेवढं कापतो तेवढंच पाणी सुटतं, बाकीचं त्या तुकड्यांतच कुरकुरीतपणा होऊन राहतं. तोंडात गेल्यावर लहान तुकडा आधी विरतो, मोठा मागून दाताखाली करकरतो, आणि एका घासात काकडी दोनतीनदा भेटते.

हीच चोचवलेली काकडी पुढे खमंग काकडी होते, आणि या कोशिंबिरीची घडण म्हणजे पाण्याशी केलेला एक अत्यंत नाजूक करार आहे. त्यात दाण्याचं कूट पडतं, ओलं खोबरं पडतं, लिंबू, साखर, मीठ आणि कोथिंबीर. मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, साखरही तेच करते. भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट ते सुटलेलं पाणी पिऊन घेतं आणि फुगून मऊ होतं. कूट फार बारीक असलं तर कोशिंबिरीचा लगदा होतो, फार जाड असलं तर पाणी तळाशी जमतं. म्हणून कूट खलबत्त्यातलं असावं, त्यात अर्धुकं दाणेही दिसावेत. यावर साजूक तुपात जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी येते, आणि गार काकडीवर गरम तूप पडल्याचा तो एक क्षणाचा आवाज येतो. फोडणीतलं तूप प्रत्येक तुकड्याला पातळ लेप देतं. मीठ मात्र अगदी शेवटी, पानं मांडून झाल्यावर, वाढणाऱ्याच्या हातून. उपासाच्या दिवशी हीच कोशिंबीर कितीतरी मराठी घरांत पानात येते आणि वरीच्या भाताशेजारी तिचा ओला हिरवा गारवा ताटाला जिवंत करतो. माझं मत विचाराल तर काकडीचा सर्वश्रेष्ठ ताजा पदार्थ हाच. यात काकडी स्वतःचं काहीही सोडून देत नाही.

पाण्याला दुसरं उत्तर दह्याचं आहे. त्यात काकडी, थोडं मेतकूट, वर हिंग-मोहरीची फोडणी. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीच्या काल्यात पोहे, लाह्या, दही, डाळिंबाचे दाणे यांच्यात काकडीचे तुकडे असतात, आणि त्या मऊ पांढऱ्या मिश्रणात दाताला लागणारी तेवढी एक कुरकुर तीच पुरवते. पण या दोन्हींपेक्षा रसिकाने शोधून खावा तो मोहरी फेसलेल्या काकडीचा प्रकार. मोहरी वाटणं वेगळं आणि फेसणं वेगळं. मोहरीचे दाणे पाट्यावर थोडं थोडं पाणी शिंपडत वरवंट्याने इतके घोटायचे की त्यांचा पिवळट, हलका, फेसाळ लगदा व्हावा आणि त्याचा वास नाकातून थेट कपाळात जावा. इथेही तेच नवल घडतं जे काकडीच्या गंधात घडलं होतं. अखंड मोहरीला हा झणका नसतो, दाणा फुटून त्याला पाणी लागलं की तो तयार होतो. चिरल्यावर गंध देणारी काकडी आणि चिरडल्यावर झणका देणारी मोहरी, अशा दोन मितभाषी वस्तू एकत्र आल्या की काय बोलतात ते ऐकायला हवं. फेसलेली मोहरी, दही, किंचित साखर, मीठ, हिरवी मिरची आणि काकडीचे जरा मोठे चौकोनी तुकडे. पहिल्या घासाला गारवा, दुसऱ्या क्षणाला नाकात चढणारी लाट, आणि पाठोपाठ पुन्हा काकडीचं पाणी येऊन ती लाट शांत करतं. या पदार्थात काकडीचं पाणी हे औषधासारखं वेळेवर येतं. हा प्रकार दोनतीन दिवस टिकतो, म्हणून काही घरांत याला काकडीचं लोणचंही म्हणतात. वर्षभराच्या बरणीचं भाग्य मात्र इतक्या पाणीदार फळाला आपल्याकडे लाभलं नाही.

टोपली तरीही रिकामी होत नसते. जरा निबर झालेल्या काकड्या आता मागे उरतात, आणि त्यांची सद्गती थालीपीठात. इथे पाण्याची युक्ती पूर्ण उलटते. काकडी किसून तिला मीठ, तिखट, हळद, कोथिंबीर लावून दहा मिनिटं ठेवायची; ती स्वतःच्या पाण्यात पोहू लागली की त्यात मावेल तेवढी भाजणी घालायची आणि बाहेरचं पाणी एक थेंबही घ्यायचं नाही. काकडी सांगेल तेवढंच पीठ. असं थालीपीठ थापताना हाताला जडपणा लागत नाही, तव्यावर मधल्या भोकात तेल सोडून झाकण ठेवलं की आत काकडीचं पाणी वाफ होऊन पिठाच्या कणाकणात शिरतं, खालची बाजू खरपूस होते आणि मधला भाग मऊ राहतो. हेच घावनांचं, हेच काकडीच्या वड्यांचं. हरभऱ्याची डाळ घालून केलेली काकडीची भाजी, वालाबरोबर शिजवलेलं तवसं, ऋषिपंचमीला अनेक घरांत बैलाच्या श्रमाशिवाय परसात पिकलेल्या भाज्यांच्या सोबतीने शिजणारे तिचे तुकडे. या सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण मला घाई आहे ती धोंडसापाशी पोचण्याची.

धोंडस हा पदार्थ मी प्रथम चवीने ओळखला नाही, वासाने ओळखला. भाद्रपदातली संध्याकाळ होती. मागच्या पडवीत चुलीवर जाड बुडाचं पितळी पातेलं, त्याच्या झाकणावर निखारे, खाली विझत आलेली आच, आणि साऱ्या घरात हळदीच्या पानांचा, गुळाचा, करपण्याच्या अगदी अलीकडे थांबलेल्या तांदळाचा वास. त्या वासात काकडी आहे असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

सकाळी मी सारी सिद्धता पाहिली होती. हातभर लांबीचं पिवळं तवसं उभं चिरलं तेव्हा त्याच्या पोटात बियांची ओळ आणि पाणेरी, आंबूस गर होता; तो चमच्याने खरवडून वेगळा काढला गेला. साल उतरली. उरलेला पांढरा घट्ट गर जाड किसणीवर किसला आणि किसाबरोबर सुटलेलं पाणी जसंच्या तसं पातेल्यात राहू दिलं. दुसरीकडे तांदळाचा रवा तुपावर मंद आचेवर भाजला जात होता. तो दाण्यादाण्याने सुटा होईपर्यंत आणि त्याचा रंग जेमतेम बदलेपर्यंत आजीचा कालथा थांबला नाही. मग तवशाचा कीस त्याच्या पाण्यासकट शिजत ठेवला, त्याला उकळी फुटल्यावर गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची, आणि त्यावर एका हाताने रवा सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहणं. प्रमाण अंदाजे असं, वाटीभर रव्याला दोन वाट्या कीस पाण्यासह आणि पाऊण ते एक वाटी गूळ. पण हे प्रमाण लिहिताना माझा हात अडखळतो, कारण कुठल्या तवशात किती पाणी आहे हे तवशालाच माहीत असतं. आजी मिश्रणाकडे पाहून ठरवत असे. कालथ्यावरून ते पडताना तुटलं पाहिजे, ओघळता कामा नये.

पातेल्याच्या तळाशी तूप लावून हळदीची पानं अंथरली गेली, मिश्रण त्यांच्यावर थापलं गेलं, वर पुन्हा पान, त्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. पुढचा तास कुणी काही करायचं नव्हतं. खालून आणि वरून येणारी ती सावकाश उष्णता आत काय घडवते याचा विचार मी आता करते तेव्हा मन भरून येतं. तवशाचं पाणी वाफ होतं, पण झाकणाने अडवलेलं असल्याने दूर जात नाही. रव्याचा प्रत्येक कण ते पिऊन फुलतो. गूळ कडेला तपकिरी होत जातो. हळदीच्या पानातला गंध वाफेवर बसून खालून वर चढतो. कोवळ्या काकडीत जो ताजा हिरवा गंध होता तो आता कुठेच नसतो. उरतो तो ओलावा, गोडव्याला गार ठेवणारा, कोरड्या रव्याला दोन दिवस मऊ राखणारा. काकडीने इथे आपलं नाव, रूप आणि गंध तिन्ही दिलं आणि फक्त पाणी मागे ठेवलं. त्या पाण्यावरच धोंडस उभा आहे.

थंड झाल्यावर त्याच्या वड्या पडतात. वरची आणि खालची बाजू खरपूस, पानाच्या शिरांचा ठसा अंगावर घेतलेली. मधला भाग ओलसर, रवाळ, खोबऱ्याचे तंतू दिसणारा. वर लोण्याचा गोळा किंवा तुपाची धार. गोव्यात हाच पदार्थ तवसळी या नावाने वाफवला जातो, आणि तिथे चतुर्थीच्या माटोळीत रानातल्या फळाफुलांबरोबर तवशालाही गणपतीच्या डोक्यावरची जागा मिळते. ज्या घरात गणपतीच्या वर तवसं लोंबतं आणि खाली नैवेद्यात तवसळी असते, त्या घराने त्या वेलीचं ऋण पुरेपूर फेडलं असं म्हणायला हरकत नाही. आज चूल नसलेल्यांनी जाड तव्यावर पातेलं ठेवून अगदी मंद आच ठेवावी, किंवा ओव्हनमध्ये भाजावं. चव नव्वद टक्के येते. उरलेले दहा टक्के निखाऱ्याचे आहेत आणि ते मान्य करावेत.

आता त्या खरवडून बाजूला ठेवलेल्या आंबूस गराकडे वळू. तो फेकला गेला नव्हता. आजीने तो हाताने कुस्करून गाळला. खाली आलेलं आंबट पाणी दुपारच्या ताकात मिसळलं, मीठ, आलं आणि जिरं घालून ते भातावर घेतलं गेलं, आणि गाळणीत उरलेल्या बिया धुऊन, चुलीतल्या राखेत घोळून, पडवीच्या कोपऱ्यात कागदावर पसरल्या गेल्या. त्यातल्या काही पुढच्या मृगात मातीत जाणार होत्या. बाकीच्या बियांचा मगज मुलं दाताने सोलून खात. एका बीत तिळाएवढा गर, पण त्यात तुपाची चव. मोसम संपता संपता जी शेवटची चारपाच मोठी तवशी उरत, ती ओरखडा न लागू देता उतरवून, सुंभाचा फास करून माजघराच्या आढ्याला टांगली जात. जाड सालीत कोंडलेलं ते पाणी तिथे कित्येक आठवडे शाबूत राही. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं, परसातली वेल वाळून दोरीसारखी झाली, तरी माजघरात मान वर केली की पिवळी तवशी दिसत, आणि दिवाळीच्या आसपास एखाद्या दुपारी आजी त्यातलं एक उतरवून म्हणे, "चला, पाऊस काढूया."

ती सारी पाककला ज्यांना शक्य नाही, ज्यांच्याकडे मांडव नाही, निखारे नाहीत, दुपारचा तासभर मोकळा नाही, त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या कोशिंबिरीसाठी काकडी किसाल, मीठ लावाल, आणि मुठीत दाबून तिचं पाणी मोरीत ओतायला निघाल, तेव्हा हात थांबवा. ते फिकट हिरवं, खारट, सुगंधी पाणी एका वाटीत धरा आणि संध्याकाळच्या भाकरीचं किंवा थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा. वेलीने आठदहा दिवस आकाशातून आणि मातीतून गोळा केलेलं ते पाणी आहे; ते पोटात गेलं पाहिजे.